मामा दशावतारात आणि पोस्टरवर वारली: तुझ्या सहा पोस्टरांबद्दल

वाचणाऱ्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. कुडाळजवळच्या गावातली मुलगी, पुण्यात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला सहा पोस्टरं केलीत, प्रत्येकात एक युरोप-अमेरिकेतली कलाचळवळ आणि एक 'आपली संस्कृती'. बाउहाउस ही जर्मन डिझाइन शाळा आणि वारली, द स्टाइल ही डच चळवळ आणि पैठणी, कन्स्ट्रक्टिव्हिझम ही रशियन चळवळ आणि लावणी, आर्ट डेको आणि मरीन ड्राइव्ह, पॉप आर्ट आणि वडापाव, क्युबिझम आणि गणपती. ज्युरीत शेरा मिळाला की दिसायला छान आहे पण चिकटवल्यासारखं वाटतं. तिचं म्हणणं, सर नेमकं काय चुकलं आणि पोर्टफोलिओत सहाही ठेवू का. आणि अगदी शेवटी जाता जाता, कोकणातल्या जत्रेतल्या दशावतारी नाटकाबद्दल एक ओळ, 'माझे मामा दशावतारात स्त्रीपार्ट करतात, पण ते प्रोजेक्टच्या उपयोगाचं वाटलं नाही.'

अगं, तू सहा पोस्टरांवर दोन पानं लिहिलीस आणि खरं प्रोजेक्ट त्या शेवटच्या ओळीत टाकून मोकळी झालीस. त्यावर येतोच, पण आधी तू विचारलंयस त्याचं उत्तर देतो, नाहीतर म्हणशील सर विषय बदलतात.

तुझा हात चांगला आहे. रंगांचा अंदाज आहे, मोकळी जागा सोडायला घाबरत नाहीस, तिसऱ्या वर्षाच्या मानाने हे खूप झालं. पण सहाही ठिकाणी तू एकच गोष्ट केलीस, चळवळीचा चेहरा घेतला आणि त्यावर आपल्याकडची एक वस्तू ठेवली. चळवळ म्हणजे काही फिल्टर नाही गं. ती माणसं कुठल्यातरी अडचणीत होती, कागद कमी, शाई कमी, समोरच्या गर्दीतल्या कित्येकांना वाचता येत नाही, कारखान्यात माल तयार होतोय पण तो दिसायला भिकार, आणि त्या अडचणीतून त्यांनी काही निर्णय घेतले. आपल्याकडच्या कारागिरानेही त्याच्या अडचणीतून निर्णयच घेतलेत. या दोन निर्णयांची गाठ पडली तर काम उभं राहतं, नुसत्या दोन दिसण्यांची गाठ घातली की ज्युरी म्हणते चिकटवलंय.

पैठणीचंच घे. द स्टाइलवाल्या मॉन्ड्रियानच्या लाल-पिवळ्या-निळ्या चौकटी काढल्यास आणि त्यात मोर बसवलास. तो मोर स्टॉकमधून उचललेला आहे हे मला लगेच कळलं, कारण त्याची मान लोण्यासारखी गुळगुळीत वळलीये. घरात आईची किंवा आजीची हातमागावरची पैठणी असेल तर पदर उजेडात धर आणि मोराची मान अगदी जवळून बघ. ती वळत नाही, पायऱ्या पायऱ्यांनी चढते. कारण विणकर रेष काढतच नाही, तो धागे मोजतो, इतके धागे हिरवे मग इतके लाल, प्रत्येक रंगाच्या बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, वेगळी छोटी कांडी आणि जिथे रंग बदलतो तिथे दोन बाणे एकमेकांत अडकवलेले. म्हणून तर पदर उलटा केला तरी मागून जवळपास तसाच दिसतो. म्हणजे उभ्या-आडव्याच्या बाहेर जायचं नाही हा नियम पैठणीच्या मागावर आधीपासूनच आहे, आणि मॉन्ड्रियान तिकडे तिरकी रेघ चालणार नाही म्हणून हटून बसला होता, त्याच चळवळीतल्या व्हॅन डूसबर्गशी त्याचं फाटलं ते त्या तिरक्या रेघेवरूनच असं सांगतात. आता मला सांग, असा जुळणारा धागा हातात असताना तू त्यात गुळगुळीत मोर का ठेवलास? ग्राफ पेपरवर मोजून पायऱ्यांचा मोर काढला असतास, एक चौकोन म्हणजे एक घर, तर हेच पोस्टर बोललं असतं. हे एक दुरुस्त करून ठेव, आठवडाभराचं काम आहे.

लावणीचं मात्र काढून टाक. कन्स्ट्रक्टिव्हिझमवाल्या रॉडचेन्कोचं १९२४ चं पुस्तकांच्या जाहिरातीचं पोस्टर तू घेतलंस, ओरडणाऱ्या बाईचा फोटो आणि तोंडातून बाहेर येणारी पाचर, आणि त्या बाईच्या जागी नाकात नथ घातलेली लावणी कलावंत ओरडताना दाखवलीस. पण लावणीवाली ओरडते का? तिचं सगळं डोळ्यात, पदरात, घुंगराच्या ठेक्यात. बैठकीच्या लावणीत तर बाई बसल्या जागी नुसत्या भुवईवर सभा जिंकते. रॉडचेन्कोची पाचर म्हणजे आवाज आहे, लांब जाणारा, आणि तो तू अशा कलेवर लावलास जिची गंमत जवळ बोलावण्यात आहे. शिवाय ते पोस्टर जगात इतक्यांदा उचललं गेलंय की इंटरव्ह्यू घेणारा हसतो आणि पान उलटतो.

वडापाव आणि क्युबिझमचा गणपती यांच्यावर मी वेळ घालवत नाही, तूही घालवू नकोस. दोन्ही काढ.

मरीन ड्राइव्ह ठेवायला हरकत नाही कारण तिथे जोडणी खरी आहे, आर्ट डेको मुंबईत पाहुणी नाहीच, ती तिथे राहिली, भाडं भरलं, म्हातारी झाली. रीगल थिएटर १९३३ चं, इरॉस १९३८ चं, आणि २०१८ साली तिथल्या गॉथिक आणि डेको इमारतींना मिळून युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. पण तुझ्या पोस्टरवर इमारत पॅरिसची वाटते. आपल्या डेकोला छज्जे आहेत, खिडकीवर भुवईसारखे पुढे आलेले, आणि ते नुसते शोभेचे नाहीत, ऊन आणि पाऊस अडवायला आहेत. छज्ज्याची सावली काढ, मुंबई आपोआप येईल.

त्याच पोस्टरवर एक चूक आहे जी मला झोपू देणार नाही. तू लिहिलंयस 'किनार्यावर'. 'किनाऱ्यावर' हवं, अर्धा र आडवा, कोयत्यासारखा. वाचणाऱ्या मराठी माणसाचा तिथे पाय अडकतो. आणि हे बहुतेक तुझं अज्ञान नाही, टायपिंगचा घोळ आहे, तिथे साधा र नाही, ऱ टाइप करावा लागतो. सॉफ्टवेअरचा घोळ वेगळा, अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कम्पोझर निवडलेला नसला की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. कुठल्याही मराठी कामाला बसताना पहिली ती सेटिंग, मग चहा.

अक्षरांवर जरा जास्त बोलतो कारण तुझ्या सहापैकी चार पोस्टरांत खरी पडझड तिथे झालीये. वारलीच्या पोस्टरवर तू रोमन अक्षरांवर शिरोरेषा ओढलेला तो फॉन्ट वापरलास, परदेशातल्या इंडियन रेस्टॉरंटच्या पाटीवर असतो तो. तो काढ, आत्ताच्या आत्ता. म्हणजे आपली लिपी हाताशी असताना आपण तिची नक्कल करणाऱ्याची नक्कल करतोय. बाकी ठिकाणी देवनागरी आहे पण अक्षरांमधलं अंतर वाढवताना शिरोरेषा तुटलीये, प्रत्येक अक्षर वेगळं लोंबतंय. रोमनमध्ये अंतर वाढवणं ही साधी गोष्ट आहे, आपल्याकडे शिरोरेषा म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, ती तोडली की कपडे खाली. मुद्दाम तोडायची असेल तर तोड, मोठमोठ्या लोकांनी तोडलीये, पण मग ते ठरवून केलंय हे दिसलं पाहिजे.

मी कामाला लागलो तो सांगलीत एका पेंटरकडे, दुकानांचे बोर्ड रंगवायला. फ्लेक्स यायच्या आधीची गोष्ट. तो मला सहा महिने एकच काम देत होता, खडू लावलेला दोरा दोन टोकांना धरायचा, मध्ये चिमटीत उचलून सोडायचा, पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उठते. तीच शिरोरेषा. मग म्हणायचा, आता अक्षरं टांग. उभी करू नको, टांग. ही एक गोष्ट मी नंतर कुठल्याही कॉलेजात ऐकली नाही.

आता बाउहाउसकडे. हर्बर्ट बायरने १९२५ मध्ये असं अक्षरवळण केलं की ज्यात कॅपिटल अक्षरंच नाहीत, त्याचं म्हणणं एकाच आवाजासाठी दोन अक्षरं कशाला. तू बाउहाउसचा नियम म्हणून तुझ्या पोस्टरवर सगळं लहान रोमनमध्ये लिहिलंस. पण देवनागरीत कॅपिटल नाहीतच! बायरचा प्रश्न आपल्याला पडतच नाही. आपले प्रश्न वेगळे, वर रफार-मात्रा-अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, म्हणून दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. बायर असता तर त्याने कुठली गोष्ट कमी केली असती, हा प्रश्न घेऊन बस. वर्तुळ, अर्धवर्तुळ आणि सरळ काठी एवढ्यावर 'दशावतार' हे पाच अक्षरांचं नाव लिहून बघ. द आणि श तुला रडवतील, व आणि र पटकन होतील. आणि श लिहिताना मराठी श लिही, देठाचा, आणि कुठे ल आला तर पाकळीचा. २००९ च्या शासन निर्णयातही हीच रूपं सांगितलीत. बरेच फॉन्ट मुळात हिंदी वळणाचे असतात, काहींमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ल आणि श आपोआप बदलतात, तेवढं तपासत जा. मुक्त, बलू, मोदक हे फुकट मिळणारे फॉन्ट उघडून नुसते मोठे करून बघ, आणि अक्षरकार कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी लिहिलेली नावं बघ, नाव वाचायच्या आधीच नाटक विनोदी आहे की रहस्यमय ते कळतं.

वारलीबद्दल एकदाच आणि स्पष्ट बोलतो. मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रिसॉर्टच्या मेन्यूकार्डाचं काम आलं, क्लायंटला 'ट्रायबल फील' हवा होता, मी पुस्तकातून एक सुंदर चौकोन उचलला, मध्ये देवी, भोवती नक्षी, आणि टाकला कव्हरवर. सगळे खूश. पुढे डहाणूकडच्या एका वारली चित्रकार बाईंना ते कार्ड मी कौतुकाने दाखवलं, त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हा लग्नाचा चौक आहे, तुमच्याकडे लग्न कोणाचंय? मला काय बोलावं कळेना. तो चौक लग्नात सवाशिणी लिहितात, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, आत पालघट देवी. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यानंतर आपण सगळ्यांनी ती मग, बेडशीट, मेट्रोचे खांब, जिथे जागा मिळेल तिथे लावली. तुझ्या पोस्टरवर तारपा नाचाचं वर्तुळ बाउहाउसमधल्या कांडिन्स्कीच्या वर्तुळाला चिकटून आहे. तारपावाला, ते फुंकायचं वाद्य वाजवणारा, कुठाय? नाचणारे त्याच्या भोवती फिरतात, तो वळेल तसे. तू मधला माणूसच काढून टाकलास कारण वर्तुळ रिकामं हवं होतं. म्हणून हे पोस्टर पोर्टफोलिओत नको. डहाणू-जव्हारला जाऊन राहिलीस, शिकलीस, त्यांच्याबरोबर काम केलंस तर पुढे बघू.

आता मामा.

मला खरंच राग आला ती ओळ वाचून, तुझा नाही, तुमच्या सिलॅबसमध्ये 'लोककला' म्हटलं की जी चार ठरलेली चित्रं येतात त्यांचा. तुझ्या घरापासून पिंगुळी हाकेच्या अंतरावर, तिथले ठाकर लोक चित्रकथी दाखवतात, म्हणजे चित्रं समोर धरून गोष्ट सांगतात, त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कारागीर बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवतात. आणि तुझे मामा जत्रेत रात्रभर उभे असतात, कधी तारामती, कधी द्रौपदी. आणि तू पुण्यात बसून गूगलवर वारली शोधतेस!

दशावतार डिझायनरच्या नजरेने बघ. सेट नाही. एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच रान. संहिता लिहिलेली नाही, कथा ठरते आणि संवाद जागेवर होतात. प्रत्येक नट आपला आपण रंगतो, आरसा टेकवून, शेजारी पेटारा. कमीत कमी सामानात जास्तीत जास्त सांगायचं, याला तिकडे बाउहाउस म्हणतात आणि फी घेतात.

आणि पूर्वरंगातला संकासुर आठव. वेद चोरणारा, पूर्ण काळा वेष, तोंडातून लोंबणारी लाल जीभ. पेट्रोमॅक्सच्या किंवा आता हॅलोजनच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ती जीभ दिसते आणि पोर आईच्या कुशीत शिरतं. आता रशियन कलाकार एल लिसित्स्कीचं १९१९ चं पोस्टर समोर ठेव, पांढऱ्या वर्तुळात घुसणारी लाल पाचर. काळा, लाल, पांढरा. तू म्हणशील सर पण हेही चिकटवणंच झालं की, तुमची जीभ आणि त्याची पाचर. नाही, आणि फरक इथे आहे. त्या पोस्टराचं काम होतं लांबून, घाईत, न वाचताही कळणं, आणि दोन शायांत छापून होणं. संकासुराच्या वेषाचं कामही तेच, लांबून, अंधारात, आवाज पोचायच्या आधी कळणं. जत्रेच्या बोर्डाचं कामही तेच. तिन्हींची अडचण एक आहे म्हणून उत्तरं सारखी आलीत. तू ती जीभ पाचर म्हणून काढ, एकच तिरका आकार, बाकी पोस्टर काळं, आणि खाली नाटकाचं नाव, जत्रेची तारीख, देवळाचं नाव. खरं पोस्टर, खऱ्या जत्रेचं. दोन रंगांत स्क्रीन प्रिंट कर, हाताने, आधी लाल मग काळा, म्हणजे कडेला काळ्याने लालाला किंचित झाकता येतं आणि मध्ये पांढरी फट पडत नाही.

गंजिफाही हातासरशी बघ. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकी बारा, असे एकशे वीस गोल पत्ते, राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या संचातली दश्शी विचारात घे. दहा मासे, एका गोलात, तळहातात मावेल एवढ्या जागेत, आणि खेळणाऱ्याला हातात पंखा धरल्यावर एका नजरेत कळायला हवं की हे नऊ नाहीत, दहा आहेत. माशाला शेपूट कुठे वळवायची, किती लहान करायचा, रांगा करायच्या की फेर धरायचा? हा मॉड्यूलचा, म्हणजे एकच आकार पुन्हा पुन्हा मांडण्याचा प्रश्न आहे, शुद्ध, आणि कारागिराने तो कधीच सोडवलाय. काळ्या कागदाची दहा वर्तुळं काप, पांढऱ्या कागदाचे एकाच मापाचे छोटे मासे काप, एक ते दहा लावत जा. पाचापर्यंत मजा वाटेल. साताला अडकशील. मग सावंतवाडीला जाऊन त्यांनी सात कसे लावलेत ते बघ, आधी बघू नकोस.

आणि कुणी विचारलं की बाउहाउसचा आणि आपला काय संबंध, तर १९२२ मध्ये कलकत्त्यात बाउहाउसच्या कलाकारांचं प्रदर्शन भरलं होतं हे सांग. पुढे त्याच परंपरेतल्या जर्मनीतल्या उल्मच्या शाळेत शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत होते. म्हणजे ही ये-जा जुनीच आहे.

तर पोर्टफोलिओत सध्या पैठणी दुरुस्त करून, मरीन ड्राइव्ह र सुधारून, बाकी चार बाहेर. मोकळ्या झालेल्या जागेत दशावताराचं एकच काम, पण पोटभर, कात्रणं, फसलेले मासे, मोजलेली जीभ, सगळं. सहा चळवळी येतात हे दाखवण्यापेक्षा एका गोष्टीत तू किती खोल गेलीस हे बघणारा माणूस कामावर ठेवतो, निदान मी तरी ठेवतो.

त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास तुमच्याकडे जत्रा सुरू होतात. मामांना आधी फोन करून विचार, रंगायला बसताना शेजारी बसू का म्हणून. नाटकाच्या वेळी नाही, त्याच्या आधी. फोन पिशवीत राहू दे, वही घे, आणि चेहऱ्यावर पहिला रंग कुठे लागतो, शेवटचा कुठे, आणि नेमक्या कुठल्या रेषेला मामांची तारामती होते ते लिहून ठेव. ती रेष सापडली की मला पाठव.